डावी कड

लाट अंगावर येईपर्यंत त्याला ती दिसलीच नाही. आवाज आला असणार, वारा बदलला असणार, पायाखालच्या कातळावरून आधी पाण्याचा पातळ पापुद्रा सरकून गेला असणार. हे सगळं त्याला नंतर आठवलं, किंवा आठवल्यासारखं वाटलं. त्या क्षणी एवढंच झालं की डावा डोळा मिटून, उजवा कॅमेऱ्याला लावून तो समोरच्या काळ्या खडकांची रांग चौकटीत बसवत होता, त्यानं बटण दाबलं, आणि दाबल्या दाबल्या कुणीतरी खांद्यानं दार लोटावं तसा डाव्या बाजूनं धक्का बसला. तो गुडघ्यांवर आला. गळ्यातला कॅमेरा कातळातल्या खळग्यात बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला. नाकातोंडात पाणी गेलं. मग लाट जशी आली तशी निघून गेली आणि तो बसल्या जागी बसून राहिला. कॅमेऱ्यातून पाणी गळत होतं. थेंब थेंब नव्हे, चांगली बारीक धार लागली होती. त्या धारेकडे बघताना त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा की आपण दचकलोसुद्धा नाही. दचकायला आधी काही दिसावं लागतं.

"अहो, किती ओरडले मी!" बायको कातळावरून घसरत, सावरत त्याच्यापर्यंत आली. तीही कमरेपर्यंत भिजली होती. "ऐकू नाही आलं?"

"वारा होता."

"आणि दिसली नाही? एवढी मोठी?"

बॅटरी आधी काढायची, हे हातांना माहीत होतं. खारं पाणी आणि वीज एकत्र आली की आतलं सगळं जळत जातं. त्यानं बॅटरी काढली, कार्ड काढून तिच्या हातात दिलं, लेन्स फिरवून वेगळी केली. लेन्सच्या मागच्या काचेवर आतून पाण्याचा एक मणी हलत होता, पातळीदर्शकातल्या बुडबुड्यासारखा. मग त्यानं तिच्याकडची प्यायच्या पाण्याची बाटली मागितली. "आता आणखी पाणी ओतायचं त्याच्यावर?" ती म्हणाली. "मीठ जायला हवं," तो म्हणाला. तिनं झाकण उघडलं आणि लहान मुलाला आंघोळ घालताना डोळ्यांवर हात धरतात तसा एक हात उगाच कॅमेऱ्यावर आडवा धरून पाणी ओतलं. बाटली रिकामी झाली. तेवढ्यानं काही होणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

हा किनारा त्याच्या पायाखालचा होता. शहराच्या संग्रहालयासाठी तो दर ऋतूत बायकोला घेऊन इथे यायचा, त्याच कातळावर त्याच जागी उभा राहून तेच खडक टिपायचा. किनारा कसा झिजतो, वाळू कुठून कुठे जाते, याचं एक दालन तिथे व्हायचं होतं. कुठल्या भरतीला पाणी कुठवर येतं, कुठल्या भेगेतून ते आधी फुसफुसतं, हे त्याला पाठ होतं. लोकांना तो सांगायचा, समुद्राकडे पाठ करू नका. आज त्यानं पाठ केली नव्हती. तो समुद्राकडे तोंड करूनच उभा होता, आणि गाडीत, ओल्या टॉवेलवर बसून घरी येताना त्याला हेच टोचत राहिलं. पाठ केली असती तर निदान सांगायला काही कारण तरी असतं. गाडी बायको चालवत होती. "सर्दी होणार तुम्हाला," ती म्हणाली आणि खिडकीची काच वर केली.

स्टुडिओ तळमजल्यावर आणि घर त्याच्याच वर. पुढच्या खोलीत पांढरा पडदा, दोन छत्रीचे दिवे आणि गिऱ्हाइकाला बसायचं एक गोल स्टूल. मागच्या खोलीत बायकोचा संगणक आणि छपाईचं यंत्र. फोटो काढायचे त्यानं आणि ते माणसांत आणायचे तिनं, अशी वाटणी फार जुनी. ती पहिल्यांदा इथे आली ती निगेटिव्हवर बारीक कुंचल्यानं डाग पुसायचं काम शिकायला. तेव्हा ती त्याला 'अहो सर' म्हणायची. लग्नानंतर 'सर' गेलं, 'अहो' राहिलं. पुढे निगेटिव्ह गेल्या, कुंचले गेले, संगणक आला, तो तिनं शिकून घेतला आणि त्यानं शिकायचं टाळलं. पडद्यासमोर बसलं की त्याची मान दुखायची, निदान तो तसं म्हणायचा. कार्ड तिच्या हातात दिलं की त्याचं काम संपलं. चार दिवसांनी ती तयार फोटो समोर ठेवायची, तो "छान" म्हणायचा, कधी "आकाश जरा कमी कर" म्हणायचा, आणि ते जायचे ज्याचे त्याच्याकडे.

त्या दिवशी त्यानं मागच्या खोलीतलं टेबल मोकळं केलं, जुना पंचा पसरला आणि कॅमेरा, लेन्स, बॅटरी, पट्टा सगळं ओळीनं मांडलं. बायकोनं केस वाळवायचं यंत्र आणलं, तर तो म्हणाला, "गरम नको, आत वाफ धरेल." तिनं डब्यात तांदूळ काढून आणले, त्यालाही तो नको म्हणाला, तांदळाचा भुगा आत जातो. "मग काय, नुसतं बघत बसायचं?" ती म्हणाली. नुसतं बघत बसायचं, हेच खरं होतं. दुसऱ्या दिवशी स्क्रूच्या खाचांत पांढरं आलं. बॅटरीच्या खोबणीतल्या पितळी जिभांवर हिरवट पूड चढली. फोकसची कडी फिरवली की सांडलेल्या साखरेवर पाय पडल्यासारखी करकरायची. पाणी वाळून गेलं होतं, कॅमेरा हाताला चक्क कोरडा लागत होता, आणि आत जे काय चाललं होतं ते चालूच होतं. तो येता-जाता त्याला हातात घ्यायचा, वास घ्यायचा, परत ठेवायचा.

मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते. आईनं आधीच सगळं सांगितलेलं होतं.

"बाबा, तुम्हाला लागलं वगैरे नाही ना?"

"नाही गं. गुडघा खरचटला."

"पण दिसली कशी नाही? लाट म्हणजे काय मांजर आहे का, पाय न वाजवता यायला?"

"मागून आली," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की बायको दारात उभी आहे. ती तिथे कधी आली, हे त्याला कळलं नव्हतं. "डावीकडून आली," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात खोटं पकडल्याचा आव नव्हता. चहात साखर घालायची राहिली म्हणून सांगावं तशी ती म्हणाली आणि आत गेली.

दुरुस्तीवाला एका जुन्या इमारतीच्या तळघरात बसायचा. कपाळावर भिंग चढवलेलं, समोर चिमटे, आणि तोंड अखंड चालू. पूर्वी त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता, तो बुडाला, आणि आता दुसऱ्यांच्या बुडालेल्या गोष्टी आपण उघडतो, असं तो प्रत्येकाला सांगायचा आणि स्वतःच हसायचा. त्यानं कॅमेऱ्याचा तळ उघडला, आत बघितलं आणि हसायचा थांबला. "या, बघा." हिरव्या पट्टीवरच्या बारीक रेषांवर निळसर बुरशीसारखं काहीतरी फुललं होतं. एका कोपऱ्यात मिठाचे खडे होते, दिवा पडला की चमकणारे. दुरुस्तीवाल्यानं चिमट्यानं एक खडा उचलून कागदावर ठेवला. "हा आता शोभेची वस्तू. कपाटात ठेवा, छान दिसेल. लेन्सचं बघतो, पण तुम्हीही आशा ठेवू नका आणि मीही ठेवत नाही."

"लगेच गोडं पाणी ओतलं होतं."

"ओतलंत ते बरंच केलंत. पण आतवर गेलेलं आतच राहतं." मग त्यानं भिंग वर सरकवलं. "पण मला एक सांगा, तुमच्यासारखा माणूस लाटेत सापडतो कसा? माझ्याकडे येतात ती पोरंटोरं, सेल्फी घेणारी. तुम्ही?"

"अंदाज चुकला."

"वय झालं आपलं," दुरुस्तीवाला म्हणाला आणि पुन्हा हसला.

मुलीला मागून आली म्हणून सांगितलं, एकाला अंदाज चुकला म्हणून. तळघराच्या पायऱ्या चढताना त्याला वाटलं, आपण काही लपवतो आहोत खरे, पण काय लपवतो आहोत ते आपल्यालाच ठाऊक नाही. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं. माणसं येत होती, जात होती, आणि त्याला सगळी दिसत होती. डावीकडून सायकलवाला आला, दिसला. दुकानाची पाटी दिसली, पाटीवरची अक्षरं दिसली. तो मुद्दाम डावीकडे लक्ष ठेवून चालला आणि घरापर्यंत कशालाही धडकला नाही. त्याला इतकं बरं वाटलं की कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यानं बायकोसाठी संत्री घेतली.

कार्ड वाचलं होतं. बायकोनं ते साध्या पाण्यानं धुऊन, पुसून, दोन दिवस कोरडं ठेवून संगणकात घातलं आणि एकेक चित्र उघडत गेलं. "आले हो!" ती आतून ओरडली. तो हातात सोललेलं संत्रं घेऊनच गेला. खडक, फेस, पुन्हा खडक. प्रकाश चांगला मिळाला होता. त्याला अभिमानच वाटला जरा. कॅमेरा गेला, पण काम पदरात पडलं. ती पुढे पुढे जात होती आणि मग शेवटचं चित्र उघडलं.

चित्रात खडकांची रांग होती, अगदी त्यानं बसवली होती तशी, आणि डाव्या बाजूला, चौकटीचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापून, लाट होती. चित्राच्या बाहेर नव्हती, कडेला चाटून गेलेली नव्हती. आत होती, उभी, हिरवी, वरच्या धारेला फेस धरलेली. तिच्यातून सूर्य आरपार दिसत होता. एवढी सुंदर लाट त्यानं आयुष्यात टिपली नव्हती. त्यानं ती बघून, बटण दाबून टिपली होती, आणि त्याला ती दिसली नव्हती.

संत्र्याचा रस बोटांवरून मनगटाकडे आला. बायकोनं सवयीनं माउस हलवला, चौकटीची डावी कड पकडली आणि आत ओढायला लागली.

"काय करतेस?"

"कापतेय. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

तिचा हात थांबला. आपण काही बोलून बसलो, हे तिच्या पाठीवरूनही कळत होतं. "म्हणजे डावीकडचं," ती म्हणाली. "डावीकडे काहीतरी येतंच ना तुमच्या. विजेचा खांब, कुणाचा तरी अर्धा हात, कुत्रं. त्या बारशाच्या फोटोंत तर दर वेळी तो पंखा."

"कधीपासून?"

"झाली की दोन-एक वर्षं. जास्तच."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"काय बोलणार?" ती खुर्चीतच वळली. "मला वाटलं, तुमचं मन लागत नाही आता. कंटाळलात कामाला. पूर्वी चौकटीत एक काडी चुकून आली तर अख्खं काम पुन्हा करायचात. माझ्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत पुन्हा करायला लावायचात. आणि आता पंखा काय, खांब काय. म्हटलं, सुटलं यांचं लक्ष. माणसाचं सुटतं. त्यावर काय भांडायचं? कापून टाकत होते."

त्याला राग आला. कशाचा आला ते नीट कळेना, पण चांगला सणकून आला. आपण बेफिकीर झालो असं ही दोन वर्षं मानत होती, आणि तरी आपल्यासमोर रोज जेवत होती, हसत होती, मुलीशी फोनवर आपलं कौतुक करत होती. कुणी आपल्या मागे आपलं काम दुरुस्त करत राहावं आणि आपण समोर "छान" म्हणत राहावं! तो पुढच्या खोलीत आला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. या स्टुलावर तो कधीच बसत नसे. इथून खोली वेगळी दिसत होती, दिव्यांच्या छत्र्या अंगावर झुकलेल्या, कॅमेऱ्याची तिकाटी रोखलेली. मग काही न ठरवता त्यानं डावा डोळा मिटला आणि समोर भिंतीतल्या एका खिळ्याकडे बघत राहिला.

खिळ्याच्या डावीकडे मागच्या खोलीचं दार होतं. आता ते नव्हतं. तिथे काळोख नव्हता, धुकं नव्हतं, भोक पडलेलं नव्हतं. नुसती भिंतच पुढे चालू राहिली होती, त्याच पिवळट रंगाची, बिनतक्रार. नजर वळवली की दार यायचं. परत खिळ्यावर आणली की भिंत दार गिळून टाकायची. डावा डोळा उघडला की सगळं जागच्या जागी. त्यानं हे कितीदा तरी केलं. ज्याच्याकडे तो फोटो काढायला शिकला त्या उस्तादानं त्याला शिकवलं होतं, डावा मिट, उजवा लाव. दोन्ही डोळ्यांनी बघणारे जगात पुष्कळ आहेत. तेव्हापासून त्याचं सगळं काम त्या एका डोळ्यावर चाललं होतं, आणि तो डोळा कधीपासून तरी, भिंत नसलेल्या जागी भिंत रंगवून त्याला दाखवत होता. आत बायको कपाट उघडत होती, बंद करत होती. मिटल्या डोळ्याच्या बाजूनं तिच्या पावलांचा आवाज दारातून आला, जवळ आला, आणि भिंतीतून अचानक तिचा खांदा बाहेर पडला.

"असे का बसलात?"

"मला दिसत नाहीये," तो म्हणाला.

डोळ्यांची डॉक्टर वयानं त्याच्या मुलीएवढी असेल. तिनं डोळ्यांत थेंब घातले, हनुवटी टेकवायला लावली, निळा दिवा जवळ आणला. मग एका अंधाऱ्या खोलीत त्याला एका मोठ्या पांढऱ्या वाटीच्या आत तोंड घालून बसवलं. डाव्या डोळ्यावर पट्टी, हातात बटण. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठेही बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं: एक डोळा मिटायचा, दिसलं की बटण दाबायचं. उजेड लुकलुकला, त्यानं दाबलं. पुन्हा दाबलं. मग बराच वेळ काही आलंच नाही. यंत्राची घरघर मात्र चालू होती, म्हणजे उजेड येत असणार, कुठेतरी येत असणार, आणि तो त्या पांढऱ्या, रिकाम्या, शांत वाटीत बघत बसला होता. घाम फुटला. त्यानं उगाच एकदा बटण दाबलं. पुन्हा एकदा दाबलं. "न दिसता दाबू नका हं," पाठीमागून यंत्रावरची बाई म्हणाली. "यंत्राला कळतं ते." शाळेत दुसऱ्याच्या पाटीत डोकावताना पकडला जावा तसा तो ओशाळला, आणि मग प्रामाणिकपणे काहीच न दाबता बसून राहिला.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाली. तिच्या हातातल्या कागदावर एका वर्तुळाचा डावा भाग काळा झाला होता. "डाव्या डोळ्यात अगदी थोडा, उजव्यात बराच पुढे गेलाय. दोन्ही डोळे उघडे असले की एकाचं उणं दुसरा भरून काढतो, म्हणून कुणाला कळत नाही. तुम्ही एक डोळा मिटून काम करता म्हणून तुमच्या कामात तरी दिसलं. गेलेलं परत येत नाही. आहे ते राखायचं. थेंब रोज, चुकवायचे नाहीत, कायमचे." मग तिनं विचारलं, "घरात कुणाला होता?"

"नाही," तो म्हणाला.

नाही म्हणताना त्याला घरातली भिंत दिसली. लहानपणीच्या घरात पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत एक बोळ होता, आणि वडील त्या बोळातून जाताना डावा हात भिंतीला लावून चालायचे. नुसता टेकवून, बोटांच्या टोकांनी. भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता. आई ओरडायची, अहो, नुकता रंग दिलाय, हात कशाला घासता? वडील म्हणायचे, सवय गं. पट्टा काळा होत गेला, गुळगुळीत होत गेला, आणि पुढे समोरच्या भिंतीवरही तसाच पट्टा उमटला. घरातल्या सगळ्यांनी ती वडिलांची सवय म्हणून मान्य केली होती, जसं कुणी नखं खातं, कुणी पाय हलवतं. म्हातारपणी ते कमी बाहेर पडायला लागले तेव्हा सगळे म्हणाले, आता घरात रमतात. कुणी त्यांना डोळ्यांचं विचारलं नाही. त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. कदाचित त्यांनाही भिंतच दिसत असेल, पुढे चालू राहिलेली.

"वडिलांना असावा," तो म्हणाला. बायकोनं त्याच्याकडे बघितलं. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

परतताना सिग्नलपाशी गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "मला काय माहीत, हो." एवढंच. तो म्हणाला, "मला तरी कुठे." दिवा हिरवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःहून मागच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "न कापलेले आहेत का? मूळचे?" सगळेच होते. ती काही टाकून देत नसे. तिनं त्याला कुठे दाबायचं ते दाखवलं, खुर्ची सरकवून दिली आणि बाजूला छपाईचे कागद निवडत बसली. तो पहिल्यांदाच तिच्या खुर्चीत बसला होता. त्यानं दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि दोन वर्षांची डावी कड बघायला सुरुवात केली.

पंखा होता. खांब होते. एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या शेजारी कुणीतरी बशीत नाक खुपसून खात होतं. एका शाळेच्या गटचित्रात डाव्या टोकाची तीन मुलं जीभ बाहेर काढून उभी होती आणि त्याला हसू आलं. ही तीन मुलं तिनं कापली कशी, आईबापांनी विचारलं नाही? "ती शेजारच्या वर्गातली होती," ती न बघता म्हणाली. मग किनारा सुरू झाला. आणि किनाऱ्याच्या चित्रांत डावीकडे ती होती.

पहिल्या एक-दोन चित्रांत नुसता खांदा, पिशवीचा पट्टा, वाऱ्यानं उडालेले केस. पुढे अर्धी. पुढे पुढे अख्खी. कातळावर बसलेली, चपला काढून शेजारी ठेवलेल्या. उभी, हाताची सावली कपाळावर धरून दूर कुठेतरी बघणारी. शेंगा खाताना. चष्मा ओढणीनं पुसताना. एका चित्रात ती एकटीच हसत होती, मोकळं, दात दाखवून, आणि समोर कुणी नव्हतं. एका चित्रात तिनं दोन्ही तळव्यांत तोंड धरलं होतं. ऋतू बदलत होते, वाळू सरकत होती, खडकांवरचं शेवाळ येत होतं, जात होतं, आणि कडेला ही. त्यानं तिचे इतके फोटो आजवर कधी काढले नव्हते. लग्नानंतर तर नाहीच. तुझे काय काढायचे, तू आहेसच की, असं काहीतरी तो म्हणायचा. आणि ती अशी दिसते, कुणी बघत नसताना, हे त्याला माहीत नव्हतं. जरा परकी. जरा थकलेली. स्वतःशी बोलत असल्यासारखी.

"इथे का हसत होतीस?"

तिनं मान लांब करून बघितलं. "आठवत नाही."

"आणि इथे?"

तळव्यांत तोंड धरलेलं चित्र तिनं जरा जास्त वेळ बघितलं. "गुडघा दुखत असेल," ती म्हणाली.

खरं की खोटं, त्याला ठरवता येईना. पूर्वी तिच्या आवाजावरून कळायचं, किंवा कळतं असं तो धरून चालायचा. "पण तू चौकटीत उभी राहायचीसच कशी?" तो म्हणाला. "तुला कळतं, मी कुठल्या लेन्सनं काढतोय, किती येणार आहे. तुला माझ्याइतकंच कळतं."

कागद निवडणं चालू होतं. कागदाची कड दुसऱ्या कागदावर लावून ती दोन्ही अंगठ्यांनी दाबून घेत होती.

"पहिल्यांदा चुकून आले," ती म्हणाली. "घरी येऊन बघितलं तर मी आत. म्हटलं, हे कसं काय बोलले नाहीत? पुढच्या वेळी लांब सरकले. मग एकदा परत तिथेच उभी राहिले. मुद्दाम. तुम्ही काढलात. काही बोलला नाहीत. मग मी तिथेच उभी राहायला लागले. त्या लाटेच्या दिवशी तेवढी मागे थांबले, पाणी चढत होतं." तिनं गठ्ठा टेबलावर उभा आपटून सारखा केला. "म्हटलं, कधीतरी म्हणतील, बाजूला हो. खेकसतील, पूर्वीसारखे. मी वाट बघायचे. घरी येऊन कापायचे."

तो पडद्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं. मला दिसत नव्हतीस, हे खरं होतं, आता त्याचा कागदही होता, काळं वर्तुळ काढलेला. पण ते वाक्य तोंडात घेऊन बघितलं तर ते बाहेर काढवेना. दोन वर्षं ती त्या वाऱ्यात चपला काढून बसली होती, आणि त्या दोन वर्षांना आता काचबिंदू म्हणायचं, एवढंच. जेवताना तर त्याचे दोन्ही डोळे उघडे असत.

पुढच्या खोलीची घंटा वाजली.

एक बाई होती, काखेत तान्हं मूल. मुलाच्या पासपोर्टसाठी फोटो हवा होता. मान अजून धरत नव्हती, म्हणजे कुणीतरी मागून डोकं धरायला हवं, आणि धरणारा तर दिसायला नको. हे काम ते दोघं कितीदा तरी करत आले होते. बायको पांढऱ्या पडद्याच्या मागे गेली, पडद्याच्या कापडातूनच मुलाला मांडीशी घेतलं, एक हात मानेखाली, एक हात काखेत, आणि कापड सारखं केलं. बाई समोरून टाळ्या वाजवायला लागली. त्यानं स्टुडिओतला जुना कॅमेरा तिकाटीवरून सोडवून हातात घेतला. उजवा डोळा सवयीनं पुढे आला. त्यानं तो मिटला आणि डावा लावला. नाक मध्ये आलं, अंगठा कुठे ठेवायचा ते कळेना, जग जरा उजवीकडे सरकल्यासारखं वाटलं. चौकटीत मूल होतं, गोल, रागावलेलं. तो मुलाकडून हळूहळू डावीकडे गेला, कडेपर्यंत गेला.

"हात," तो म्हणाला.

"काय?" पडद्यामागून आवाज आला.

"तुझा हात दिसतोय. डावीकडे. तीन बोटं."

मूल जांभई देत होतं. मग कापडाला सुरकुती पडली आणि एक बोट आत गेलं, फक्त एक.

"आता?" ती म्हणाली.

"अजून दिसतायत," तो म्हणाला. "दोन."